तीन वर्षांत फॅमिली डॉक्टर : वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

अमेरिकेतल्या तीन वर्षांच्या एमडी अभ्यासक्रमाबद्दल तिकडच्या आणि इकडच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. अमेरिकेत एमडी ही पहिली वैद्यकीय पदवी आहे, म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागची. ती चार वर्षांच्या कॉलेज पदवीनंतर सुरू होते आणि सहसा चार वर्षं चालते. त्यानंतरची रेसिडेन्सी म्हणजे आपलं पीजी. फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल मेडिसिन आणि बालरोग या प्राथमिक सेवेच्या तिन्ही शाखांची रेसिडेन्सी तीन वर्षांची असते.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फॅमिली डॉक्टरच व्हायचं आहे. कॉलेजच्या सल्लागाराने तिला तीन वर्षांच्या मेडिकल स्कूलबद्दल सांगितलं. आमच्या घरात लगेच चर्चा सुरू झाली की ही अर्धवट पदवी तर नाही ना? एक वर्ष कमी म्हणजे नेमकं काय शिकवत नाहीत? — एक आई, एडिसन, न्यू जर्सी

पदवी पूर्ण असते. प्रमाणपत्रावर तीन वर्षं की चार असा फरक नसतो, परवाना देणारी राज्यं तसा भेद करत नाहीत आणि परीक्षाही त्याच असतात. अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांना मान्यता देणारी एलसीएमई ही संस्था वर्षं मोजत नाही, आठवडे मोजते. किमान १३० आठवड्यांचं शिक्षण झालंच पाहिजे, असा तिचा नियम आहे. चार वर्षांच्या कॅलेंडरमध्ये उन्हाळी सुट्ट्या, ऐच्छिक विषय आणि मुलाखतींसाठी मोकळे ठेवलेले आठवडे धरून हा आकडा सहज ओलांडला जातो. तीन वर्षांत तो गाठायचा तर सुट्ट्या जवळजवळ संपतात, एवढंच.

कात्री लागते ती बहुतांशी चौथ्या वर्षाला. नेहमीच्या अभ्यासक्रमात पहिलं दीड-दोन वर्ष शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदानशास्त्र, औषधशास्त्र असे पायाभूत विषय असतात. मग वर्षभर वॉर्डांतली सक्तीची रोटेशन्स : मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसोपचार, फॅमिली मेडिसिन, प्रत्येकी साधारण चार ते आठ आठवडे. चौथ्या वर्षाचा मोठा भाग ऐच्छिक विषयांत, दुसऱ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत महिनाभर काम करून तिथल्या लोकांना आपली ओळख करून देण्यात आणि ऑक्टोबर ते जानेवारी रेसिडेन्सीच्या मुलाखतींत जातो. मार्चमध्ये ‘मॅच’चा, म्हणजे विद्यार्थी आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्रणेचा निकाल, जुलैच्या सुरुवातीला रेसिडेन्सी. सर्जरीत किंवा त्वचारोगात चुरशीची जागा हवी असणाऱ्याला ही भटकंती लागतेच. पण ज्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून फॅमिली मेडिसिन हवं आहे आणि ज्याच्या स्वतःच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात त्या शाखेच्या जागा आहेत, त्याने ते वर्ष आणि त्या वर्षाची फी का भरावी? या सगळ्या अभ्यासक्रमांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

उदाहरण टेक्सास टेकचं घ्या. लबक इथल्या या सरकारी विद्यापीठाच्या फॅमिली मेडिसिनच्या तीन वर्षांच्या ट्रॅकला २०१० मध्ये मान्यता मिळाली आणि पहिली तुकडी २०१३ मध्ये बाहेर पडली. तिथे विद्यार्थी नेहमीसारखाच प्रवेश घेतो आणि पहिल्या वर्षात या ट्रॅकसाठी अर्ज करतो. निवड झाली की पहिल्या आणि दुसऱ्या वर्षांमधली उन्हाळी सुट्टी क्लिनिकची तयारी करून घेणाऱ्या कोर्सला जाते. दुसऱ्या वर्षी पायाभूत विषयांबरोबरच फॅमिली मेडिसिनच्या ओपीडीत नियमित काम चालू राहतं, तिसऱ्या वर्षी सगळी सक्तीची रोटेशन्स होतात आणि तिथून थेट त्याच विद्यापीठाच्या लबक, अमरिलो किंवा पर्मियन बेसिन इथल्या रेसिडेन्सीत. पश्चिम टेक्सासच्या विरळ वस्तीच्या भागाला डॉक्टर मिळावेत म्हणून ही रचना आहे. म्हणून जागा नकाशावर बघा : हा अभ्यासक्रम जितका वेळ वाचवतो, तितकाच तो माणसाला एका प्रदेशाशी बांधतो.

कॅलिफोर्नियात यूसी डेव्हिस या सरकारी विद्यापीठाने २०१४ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर असाच अभ्यासक्रम सुरू केला, कैसर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या सोबतीने. तिथे विद्यार्थी अगदी सुरुवातीपासून कैसरच्या एका प्राथमिक सेवेच्या डॉक्टरबरोबर क्लिनिकमध्ये बसतो आणि तेच पेशंट महिनोन्महिने बघतो. न्यूयॉर्कजवळ मिनिओला इथे एनवाययूने (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) २०१९ मध्ये काढलेल्या लाँग आयलंडच्या कॉलेजात तर सगळी तुकडीच तीन वर्षांची आहे आणि ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. न्यू जर्सीहून ते फार लांबही नाही, पण जागा थोड्या आणि अर्ज हजारोंनी, हे धरून चला.

गुणवत्तेबद्दल शंका असेल तर कॅनडाकडे बघा. मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये आणि कॅलगरी विद्यापीठाने १९७० मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हापासून दोन्हीकडे एमडी तीन वर्षांचीच आहे, वर्षात अकराएक महिने अभ्यास चालतो आणि तिथून निघालेले डॉक्टर सर्व शाखांत आहेत. अमेरिकेतही तीन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या विद्यार्थ्यांची परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सीतली कामगिरी यांची तुलना करणारे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत तीन वर्षांचे विद्यार्थी मागे पडलेले दिसत नाहीत. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं : हे विद्यार्थी निवडून घेतलेले असतात, आधीच चांगले असतात. कोणालाही उचलून या वर्गात बसवलं तर तोच निकाल येईल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीत दोन मुलांनी सात वर्षांच्या बीएस-एमडीला प्रवेश घेतला. तीन वर्षांची एमडी म्हणजे हीच का? — एक वाचक, शिकागो

नाही. बीएस-एमडीत मुलगा बारावीनंतरच मेडिकलची जागा पक्की करतो आणि कॉलेजची चार वर्षं तीनवर येतात. पुढचं मेडिकल स्कूल पूर्ण चार वर्षांचंच असतं. न्यू जर्सीतले सात वर्षांचे अभ्यासक्रम असेच आहेत. कॅन्सस सिटीतलं मिसुरी विद्यापीठ १९७१ पासून सहा वर्षांत दोन्ही पदव्या देतं, पण तिथे शाखेची अट नाही. तीन वर्षांच्या प्राथमिक सेवेच्या ट्रॅकमध्ये कॉलेजची चार वर्षं पूर्ण होतात, एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि मेडिकल स्कूल आखडतं. सतराव्या वर्षी बीएस-एमडी निवडणाऱ्या मुलाला फक्त ‘डॉक्टर’ ठरवायचं असतं. तीन वर्षांच्या ट्रॅकला बावीस-तेविसाव्या वर्षी ‘कोणता डॉक्टर’ हे ठरवावं लागतं. आमच्या मते दुसरा निर्णय जास्त जाणतेपणी होतो.

प्रश्न : मला हा ट्रॅक हवा आहे, पण ऐकते की त्यात मुलं पिचून जातात. नेमकं कुठे अडतं? आणि अर्ज करण्यापूर्वी कॉलेजला काय विचारावं? — एक विद्यार्थिनी, ह्यूस्टन

अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या आधी माहीत असल्या तर बऱ्याचशा टाळता येतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी : वेळापत्रकात सैल जागा नसते. चार वर्षांच्या वर्गात एखाद्या विषयात नापास झालात, आजारी पडलात, घरी आईवडिलांचं आजारपण आलं, तर उन्हाळ्यात किंवा चौथ्या वर्षात भरून काढता येतं. इथे एक सहा आठवड्यांचं रोटेशन हुकलं की जुलैची रेसिडेन्सी धोक्यात येते. म्हणून चांगल्या कॉलेजांत परतीची वाट ठेवलेली असते. विद्यार्थी चार वर्षांच्या वर्गात सरकतो, पदवी वर्षभराने मिळते, बाकी काही बिघडत नाही. पहिला प्रश्न हाच विचारा : चार वर्षांवर सरकायचं झालं तर काय प्रक्रिया आहे, शिष्यवृत्ती परत करावी लागते का आणि आजवर किती जण असे सरकले? या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.

दुसरी अडचण परीक्षांची. यूएसएमएलई या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या परवाना परीक्षेतली स्टेप वन २०२२ पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली आहे, तो ताण थोडा हलका झाला. पण स्टेप टू सीके या पुढच्या टप्प्याला गुण असतात आणि रेसिडेन्सीवाले ते बघतात. चार वर्षांचे विद्यार्थी रोटेशन्स संपवून काही आठवडे फक्त या परीक्षेला देतात. तीन वर्षांच्या ट्रॅकमध्ये तो काळ कधीकधी दोन-तीन आठवड्यांवर येतो. कॅलेंडर हातात घेऊन बघा : स्टेप वनला किती आठवडे सोडले आहेत, स्टेप टूला किती? प्रत्येक परीक्षेला सलग चार आठवडेही नसतील तर रोटेशन चालू असतानाच रोज प्रश्न सोडवायची शिस्त लागेल. ती ज्यांना जमते त्यांनाच हा ट्रॅक मानवतो.

तिसरी : मन बदलणं. वॉर्डात पाय ठेवल्यावर शस्त्रक्रियेची गोडी लागलेले विद्यार्थी कमी नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. पण तीन वर्षांच्या ट्रॅकमध्ये ही गोडी लागेपर्यंत तुमची रेसिडेन्सीची जागा जवळपास ठरलेली असते. इथे एक बारकावा आहे. अनेक ठिकाणी रेसिडेन्सीची जागा ‘सशर्त’ असते : अभ्यास समाधानकारक, परीक्षा उत्तीर्ण, मग जागा तुमची. तरीही मॅचच्या यंत्रणेत नाव नोंदवायचं असतं आणि बाहेरच्या जागांना पसंती देता येते की नाही, हे कॉलेजागणिक बदलतं. ‘जागा राखीव आहे’ आणि ‘जागा मिळण्याची शक्यता जास्त आहे’ यांत फरक आहे. कोणतं वाक्य लेखी देतात ते बघा. लग्न ठरलेलं असेल आणि जोडीदारही डॉक्टर असेल तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा, कारण दोघांनी मिळून शहर निवडायची सोय इथे फारशी उरत नाही.

चौथी गोष्ट कमी बोलली जाते. उन्हाळी सुट्टी गेली म्हणजे संशोधनाचे महिने गेले. पुढे रेसिडेन्सीनंतर हृदयरोगासारख्या शाखेच्या फेलोशिपचं, म्हणजे अतिविशेष प्रशिक्षणाचं मनात असेल तर जनरल इंटर्नल मेडिसिनमधून तो रस्ता खुला असतो, पण हातात शोधनिबंध नसतील तर रेसिडेन्सीत ते भरून काढावं लागतं. शुद्ध फॅमिली मेडिसिन करायचं असेल तर याचा काही तोटा नाही.

वर्गसोबतीही विचारात घ्या. छोट्या ट्रॅकमध्ये पाच-दहा विद्यार्थी असतात. पहिल्या वर्षीचे मित्र चौथ्या वर्षात असताना तुम्ही रात्रपाळीत रेसिडेंट म्हणून उभ्या असता. ज्या कॉलेजांत पहिल्या वर्षापासून एक ठरावीक फॅमिली डॉक्टर मार्गदर्शक म्हणून जोडून देतात आणि रेसिडेन्सीतल्या शिक्षकांशी आधीच ओळख होते, तिथे हा बदल सोपा जातो. कारण साधं आहे : जुलैत तुम्ही अनोळखी हॉस्पिटलात जात नाही, दोन वर्षं ज्या क्लिनिकमध्ये पेशंट बघितले तिथेच जाता. तिथलं संगणकातलं रेकॉर्ड, तिथल्या नर्सेस, तिथले पेशंट ओळखीचे असतात. चौथं वर्ष नसल्याची उणीव सगळ्यात जास्त याने भरून निघते.

थोडक्यात विचारायची यादी : ट्रॅकला अर्ज प्रवेशाच्या वेळीच करायचा की पहिल्या वर्षात, एकूण किती आठवडे, दोन्ही परीक्षांना मोकळे आठवडे, रेसिडेन्सी कोणत्या शहरात, किती जागा, लेखी हमी कोणत्या शब्दांत, चार वर्षांवर सरकण्याचे नियम, आणि मागच्या तुकडीतल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायची परवानगी. शेवटच्या गोष्टीला कॉलेजं सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : एका वर्षाने पैशांत खरंच किती फरक पडतो? कर्जाचे नियम बदललेत म्हणे. — एक वडील, डॅलस

बदललेत, आणि तेही मोठे. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे पूर्ण खर्चाइतकं मिळणारं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केलं. त्याऐवजी मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर अशी सरकारी कर्जाची मर्यादा आहे.

हिशेब करून बघू. समजा फी ४५,००० आणि राहणं-खाणं, विमा, परीक्षा मिळून २५,०००, म्हणजे वर्षाला ७०,००० डॉलर. चार वर्षांचे २,८०,०००. त्यातले २,००,००० सरकारी कर्जातून, ८०,००० घरून किंवा खाजगी कर्जातून. तीन वर्षांचे २,१०,०००. त्यातले १,५०,००० सरकारी आणि ६०,००० बाहेरचे. खाजगी कर्जाला सहसा सहकर्जदार लागतो, व्याज कर्जदाराची पत बघून ठरतं आणि हप्ते माफ होण्याच्या सरकारी योजना त्याला लागू होत नाहीत. म्हणून वाचलेल्या ७०,००० पैकी हे बाहेरचे २०,००० डोक्यावरून जास्त ओझं उतरवतात. कॉलेज निराळं असेल तर आकडे बदलतील, पण मांडणी हीच ठेवा : एकूण खर्च, सरकारी मर्यादा, उरलेली रक्कम.

दुसरा फायदा शेवटी मिळतो. रेसिडेन्सी वर्षभर आधी संपते, म्हणजे पूर्ण पगाराचं एक वर्ष वाढतं. अमेरिकेतल्या कर्ज घेतलेल्या वैद्यकीय पदवीधराच्या डोक्यावर मध्यम कर्ज दोन लाख डॉलरच्या आसपास असतं आणि फॅमिली डॉक्टरचा पगार हाडांच्या किंवा हृदयाच्या तज्ज्ञापेक्षा पुष्कळच कमी. हुशार मुलं प्राथमिक सेवेपासून दूर जातात त्यामागे हे गणित असतं, त्यांना गावाकडची आस्था नसते म्हणून नव्हे. टेक्सास टेक या ट्रॅकच्या विद्यार्थ्यांना एका वर्षाच्या फीची शिष्यवृत्ती देतं. एक वर्ष वाचलं आणि एक वर्ष माफ झालं, म्हणजे फी निम्म्यावर आली.

आणखी दोन योजना बघून ठेवा. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करून १२० पात्र मासिक हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची योजना आहे. रेसिडेन्सीतले हप्तेही त्यात धरले जातात, मात्र रेसिडेन्सी सुरू होताच योग्य परतफेड योजना निवडायला हवी. ज्यांना हे तीन वर्षांनी आठवतं ते ३६ हप्ते गमावतात. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाची शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीची योजना, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करण्याच्या बदल्यात १,२०,००० डॉलरपर्यंत कर्ज फेडायला देते. त्यासाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं.

प्रश्न : आम्ही एच-वन-बीवर, मुलगा एच-फोरवर. ग्रीन कार्डची रांग लांब आहे. त्याला हे जमेल का? — एक पालक, सिअ‍ॅटल

जमण्याच्या शक्यता कमी आहेत, आणि हे कटू असलं तरी आधीच कळलेलं बरं. एच-फोर हा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा. मुलांना तो एकविसाव्या वर्षापर्यंतच चालतो, त्यानंतर स्वतःचा व्हिसा लागतो. सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही. बऱ्याच राज्यांची सरकारी मेडिकल कॉलेजं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, आणि तीन वर्षांचे ट्रॅक बरेचसे अशाच कॉलेजांत आहेत, कारण त्यांना आपल्या राज्यात राहणारा डॉक्टर हवा असतो. खाजगी कॉलेजांपैकी काही परदेशी विद्यार्थी घेतात, पण काही जण एक किंवा अधिक वर्षांची फी आगाऊ जमा करायला सांगतात. प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश-पात्रतेच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. निबंध लिहायला बसण्यापूर्वी ते वाचून यादी छाटा.

प्रश्न : आमच्या भागात प्राथमिक आरोग्य केंद्रं डॉक्टरांवाचून रिकामी पडतात. अमेरिकेला तीन वर्षांत डॉक्टर घडवता येतो, मग आपण एमबीबीएस कमी का करत नाही? — एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

तुमची कळकळ योग्य आहे, पण तुलना करताना वर्षं बारावीपासून मोजायला हवीत. अमेरिकेतला ‘झटपट’ फॅमिली डॉक्टर : कॉलेज चार, एमडी तीन, रेसिडेन्सी तीन, एकूण दहा वर्षं. आपला एमबीबीएस : साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच. म्हणजे तिथे आखडून जे होतं ते आपल्यापेक्षा साडेचार वर्षांनी लांबच आहे. तिथे स्वतंत्रपणे पेशंट बघण्यापूर्वी तीन वर्षांची रेसिडेन्सी होतेच, आपल्याकडे इंटर्नशिप संपली की मुलगा बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर थेट आरोग्य केंद्रात एकटा असतो. आपली अडचण अभ्यासक्रम लांब असण्याची नाही. आरोग्य केंद्रात चालणाऱ्या वैद्यकासाठी शिक्षण होत नाही, ही आहे. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात दुर्मीळ आजार बघून आलेल्याला केंद्रावर विंचूदंश, सर्पदंश, जोखमीची गरोदरपणं, क्षयाचे उपचार, मधुमेह-रक्तदाबाचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा करायचा असतो.

आणि छोटा अभ्यासक्रम आपल्याला नवा नाही. ब्रिटिश काळात लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी छोटा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर होते, महाराष्ट्रातल्या गावोगावी एलसीपीएस अशी पाटी लावलेले डॉक्टर जुन्या पिढीने पाहिले आहेत. आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने हा दुय्यम वर्ग बंद करून एकच ‘मूलभूत डॉक्टर’ असावा अशी शिफारस केली. पुढे छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. नावावरून आणि पदवीवरून वाद, कोर्टकज्जे, विद्यार्थ्यांची आंदोलनं होऊन काही वर्षांत तो बंद पडला. पण त्यातून निघालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक आरोग्य केंद्रांवर काम करू लागले, आणि त्यांचं नेहमीच्या आजारांतलं कौशल्य तपासलं तेव्हा ते एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीचं निघालं. आसामने २००४ च्या कायद्याने जोरहाटला तीन वर्षांची पदविका सुरू केली. २०१४ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. राज्याने नवा कायदा करून या पदविकाधारकांना मर्यादित अधिकारांचे आरोग्य कर्मचारी म्हणून सामावून घेतलं आणि २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या नव्या कायद्याला मान्यता दिली.

या दोन्ही अनुभवांत शिकवणं फसलं नाही. फसलं ते पुढचं : कोणत्या नावाने ओळखायचं, किती औषधं लिहायची, बढती कुठे, पुढे शिकायचं तर दार कुठे. अमेरिकेचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. १९७० च्या दशकात केंद्र सरकारच्या अनुदानामुळे तिथल्या जवळपास चौथाई मेडिकल कॉलेजांनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. चार वर्षांचंच ओझं तीनमध्ये कोंबलं, शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही थकले, अनुदान थांबलं आणि बहुतेक कॉलेजं मागे फिरली. १९८९ नंतर डझनभर कॉलेजांनी चौथं वर्ष आणि रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष एकत्र करून फॅमिली डॉक्टर घडवले. निकाल चांगले होते, पण पदवी हातात येण्याआधी रेसिडेन्सी सुरू करता येणार नाही असा मान्यतेचा नियम आडवा आला आणि तेही थांबलं. आताची पिढी टिकली आहे, कारण तिने पदवी पूर्ण करून मग रेसिडेन्सी असा क्रम पाळला आणि विद्यार्थी थोडे व निवडून घेतले. अशा कॉलेजांची २०१५ मध्ये आठ सदस्यांनी सुरू झालेली संघटना आज तीसहून जास्त सदस्यांची झाली आहे.

आपल्याला यातून उचलण्यासारखं काही असेल तर ते वर्ष कापणं नव्हे. कोकणातल्या, मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या मुलामुलींना त्या भागासाठी निवडणं, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून ठरावीक आरोग्य केंद्राशी जोडणं आणि बाँडचं एक वर्ष फॅमिली मेडिसिनच्या पीजीत धरणं, हे करता येण्यासारखं आहे. आज बाँडचं ते वर्ष नीटच्या पीजी परीक्षेची तयारी करत कसंबसं काढायचं वर्ष झालं आहे, कारण त्या वर्षाने डॉक्टरला पुढे काहीच मिळत नाही. डीएनबी फॅमिली मेडिसिन हा तीन वर्षांचा पीजी अभ्यासक्रम आपल्याकडे आहेच. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत त्याच्या जागा वाढवून बाँडचं वर्ष त्यात मोजलं, तर मुलं आपणहून तिकडे वळतील.

प्रश्न : मी एमबीबीएसची इंटर्नशिप करतोय. अमेरिकेत फॅमिली मेडिसिन करायचं आहे. तीन वर्षांच्या एमडीला प्रवेश घेऊन वेळ वाचेल का? — एक इंटर्न, सोलापूर

उलट वाया जाईल. तुमच्या हातात वैद्यकीय पदवी आहे, ती परत करायची गरज नाही. स्टेप वन, स्टेप टू सीके, इंग्रजी संवादासाठी ओईटीची मेडिसिनची परीक्षा आणि मग परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र, हा रस्ता आहे. सप्टेंबरमध्ये अर्ज, मार्चमध्ये मॅच, जुलैत रुजू. फॅमिली मेडिसिनला जागा तुलनेने जास्त असतात : २०२४ च्या मॅचमध्ये ५,२०० हून अधिक जागा होत्या आणि सहाशेवर मुख्य फेरीत भरल्या नाहीत. तरी परदेशी पदवीधराला तिथल्या ओपीडीत प्रत्यक्ष काम केल्याची दोन-तीन शिफारसपत्रं लागतातच. नुसती मागे उभं राहून बघण्याची पत्रं कमी वजनाची ठरतात.

जे-वन या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर गेलात तर भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. कॉनराड योजनेत प्रत्येक राज्य वर्षाला ३० डॉक्टरांना ही अट माफ करून घेऊ शकतं, टंचाईच्या भागात तीन वर्षं काम करण्याच्या बदल्यात. फॅमिली डॉक्टरांना त्यात बहुतेक राज्यं प्राधान्य देतात. परीक्षेची नोंदणी करण्यापूर्वी बाँडचं काय करणार ते ठरवा. बाँडची मुदत आणि तिकडच्या जुलैची गाठ पडत नाही म्हणून वर्ष गमावणारे बरेच असतात.

प्रश्न : नात तिकडेच जन्मलेली, ओसीआय कार्ड आहे. तीन वर्षांची एमडी करून पुढे पुण्यात दवाखाना काढायचं तिच्या मनात आहे. अडचण येईल का? — एक आजोबा, पुणे

नुसत्या पदवीवर येईल. एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवीला किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. तीन वर्षांची काय, अमेरिकेतली चार वर्षांची एमडीही एकटी त्यात बसत नाही. मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण दोन्ही पूर्ण केलेल्यांना परदेशी पदवीधरांच्या चाचणी परीक्षेतून सूट देण्याची तरतूद चालत आली आहे. म्हणून नातीने रेसिडेन्सी पूर्ण करून, फॅमिली मेडिसिनचं बोर्ड प्रमाणपत्र आणि एखाद्या राज्याचा पूर्ण परवाना घेऊनच परतावं. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असल्याने डॉक्टरकी करायला वेगळी आडकाठी नाही, त्या बाबतीत त्यांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरलं जातं. अर्ज एनएमसीकडे आणि मग महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे. अभ्यासक्रमातल्या आठवड्यांचा तपशील देणारं पत्र पदवी घेतानाच कॉलेजकडून सही-शिक्क्यासह घेऊन ठेवावं. तीन वर्षांच्या पदवीवर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल, आणि दहा वर्षांनी ते पत्र मागवणं फार जड जातं.